खाट मागा, ती हक्काची आहे!

बेगडेवाडीच्या पुढचेच स्टेशन देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच पट्ट्यातल्या आमच्या वस्त्यांत पोटदुखी म्हणजे आजही ‘पित्त’! महिनोन्‌महिने सोडा, गोळ्या, प्रसंगी अंगारासुद्धा. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा आला कोठून?) तोवर वजन उतरते, दोन घासांत पोट भरते, शौचास डांबरासारखे काळे होते. ही जठराच्या कॅन्सरची लक्षणे असू शकतात. दुर्बिणीने पाहून, तुकडा तपासल्याशिवाय खात्री होत नाही. रोग जठरापुरता असेल तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. पसरला की केमोथेरपीने आयुष्य वाढते, रोग मुळासकट जाणे कठीण.

हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ नव्हे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्याचे मोठे कारण. तो शोधणाऱ्या मार्शल व वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. दाटीच्या वस्तीत, अशुद्ध पाण्यावर तो फोफावतो, आणि अशा वस्त्या कोणाच्या वाट्याला आल्या हे सांगायला नको. औषधांनी तो जातो. तंबाखू मात्र आपली आपणच सोडायची आहे.

राहिला पैसा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. ही कोणाची मेहेरबानी नाही. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तसे लेखी मागावे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड जोडून पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये.