सराव कोणाच्या आणीबाणीचा?

12 मे 2022 च्या रात्री रायपूर विमानतळावर छत्तीसगड सरकारचे हेलिकॉप्टर सराव उड्डाणात कोसळले. आत दोनच वैमानिक होते, दोघेही दगावले. मंत्री आत नव्हता, म्हणून बातमी लवकरच विझली. ब्रह्मपुरी-गडचिरोलीच्या जनतेने मात्र ती विसरू नये. आमच्या जंगलावरून जाणारी यंत्रे अशाच सरावाच्या भरवशावर उडतात.

हवेत इंजिन बंद पडले तर काय, याची तालीम वैमानिकाला करावीच लागते. पात्यांचा कोन तत्काळ कमी करायचा. खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवायचा. जमीन जवळ येताच नाक उचलून वेग मोडायचा आणि शेवटी कोन वाढवून अलगद टेकायचे. संधी एकच. क्षणाची चूक झाली की सरावाचाच अपघात होतो. म्हणूनच ही तालीम शक्य तितकी जमिनीवरच्या सिम्युलेटरवर व्हावी. बंगळुरूत तशी सोय 2010 पासून आहे. वैमानिकही कामगारच आहे. त्याचा जीव स्वस्त समजू नये.

पण आमचा प्रश्न पुढचा आहे. 2024 च्या निवडणुकांत गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान यंत्रे व कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचले. जखमी पोलिसांनाही हवाई मार्गे नागपूरला नेतात. हे योग्यच आहे. मग त्याच जंगलातल्या माणसाच्या आणीबाणीची तालीम कोण करतो?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्दचे पाणी सुटले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही पूरग्रस्तांची तक्रार होती. तेव्हाचे मदत व पुनर्वसनमंत्री विजय वडेट्टीवार याच मतदारसंघाचे आमदार! सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यात एका आदिवासी जोडप्याने आपल्या दोन चिमुकल्यांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून सुमारे 15 किलोमीटर वाट तुडविली. आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका नव्हती. तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या वडेट्टीवारांनीच ती चित्रफीत राज्यापुढे आणली. खुर्ची बदलली, पण जंगलातली वाट तीच राहिली.

इंजिन बंद पडेलच असे नाही, तरी वैमानिक तालीम करतो. वैनगंगा आणि पर्लकोटा मात्र पावसाळ्यात फुगणार, हे पोरालाही ठाऊक आहे. तरी शासन दरवर्षी दचकते! ज्याला मोजायचेच नाही, त्याच्यासाठी तालीम कशाला, हाच यामागचा हिशेब आहे.

आम्ही प्रत्येक पाड्यावर हेलिकॉप्टर मागत नाही. मृगापूर्वी गावोगावी पुराची तालीम घ्या. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी दवंडी पोहोचवा. नावा, रुग्णवाहिका, औषधे जागेवर ठेवा. दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळ आणा. ही भीक नाही, हा घटनेने दिलेला जगण्याचा हक्क आहे. तो मागण्यासाठी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच ठराव मांडावा.