प्लाझ्माचा पुरावा घरातच होता

एप्रिल २०२१ मधले व्हॉट्सॲप आठवून पाहा. 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा' असे निरोप रात्री-अपरात्री फिरत होते. पेशंट आयसीयूत आणि नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात. कोविडमधून बरे झालेल्या अनोळखी माणसांना फोन करून विनवण्या चालल्या होत्या. आणि हा उपचार उपयोगी नाही, हे तेव्हा आपल्याच देशाच्या अभ्यासातून सिद्ध होऊन सहा महिने झाले होते!

हा अभ्यास आयसीएमआरने २०२० मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत केला. मध्यम स्वरूपाचा कोविड असलेल्या ४६४ पेशंटचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू झाला. न मिळालेल्या २२९ पैकी ४१ जणांचे तसेच झाले. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. फरक नाहीच.

"पण आमच्या काकांना प्लाझ्मा दिला आणि ते बरे झाले!" असे अनेक जण सांगतात. काका बरे झाले याचा आनंदच आहे. पण प्लाझ्मा न घेतलेले बहुतेक जणही बरे झालेच. तुलनेसाठी दुसरा गट लागतो तो यासाठीच.

जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प जाहीर केला, जुलैत दिल्लीत प्लाझ्मा बँक उघडली. त्यावर माझा आक्षेप नाही. तेव्हा उत्तर कुणालाच माहीत नव्हते. आक्षेप आहे तो उत्तर मिळाल्यानंतरच्या वागण्यावर. अभ्यास ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरमध्ये 'सरसकट वापरू नका' असा सल्ला आला, पण राष्ट्रीय उपचार-सूचनांमध्ये प्लाझ्माचे नाव राहिलेच. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने, हजारो पेशंटना प्लाझ्मा देऊन पाहिल्यावर, फायदा दिसत नाही म्हणून तो भाग थांबवला. तरीही नाव राहिले. ते निघाले १७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे उद्ध्वस्त केल्यावर.

सरकारी यंत्रणा संथच असते, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. त्याच 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० च्या मध्याला सांगितले, की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ते स्वस्त औषध त्याच महिन्यात आपल्या सूचनांत आले. म्हणजे ठरवले तर दहा-बारा दिवस पुरतात. उपचार यादीत घालायला दहा-बारा दिवस आणि निरुपयोगी उपचार काढायला सात महिने, हे गणित कसे मान्य करायचे?

"नुकसान तर नव्हते ना?" हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. कर्ता माणूस दोन-दोन दिवस दाता शोधत फिरला, हे नुकसान नाही? आणि ज्यांना प्लाझ्मा मिळाला नाही, त्यांच्या मनात आजही सल आहे, की आपण कमी पडलो. त्यांना मला स्पष्ट सांगायचे आहे: तुम्ही कमी पडला नाहीत. प्लाझ्मा मिळाला असता तरी फरक पडला असता असे पुरावा सांगत नाही.

पुढची साथ येईलच. तेव्हासाठी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या अभ्यासाचा निकाल आला, की ठरावीक दिवसांत, समजा पंधरा दिवसांत, सरकारने एक तर उपचार-सूचना बदलाव्यात किंवा न बदलण्याचे कारण लेखी जाहीर करावे, मराठीसकट सर्व भाषांत. पुरावा गोळा करायचा आणि कपाटात ठेवायचा असेल, तर त्या ४६४ पेशंटनी अभ्यासाला संमती तरी कशासाठी दिली?