विज्ञान घरोघरी : उन्हात अडकलेला आकडा



विज्ञान प्रदर्शनासाठी उजेड मोजण्याचा प्रयोग पुष्कळ मुले करतात. आर्डुइनो बोर्डाला 'बीएच १७५०' हा छोटा सेन्सर जोडतात. घरात ट्यूबलाइटखाली तो नीट चालतो. पण भर दुपारी अंगणात नेला, की आकडा ५४,६१२ लक्सवर जाऊन बसतो. मोठा ढग आला तरच हलतो. मग 'सेन्सर बिघडला, नवा आणा' असा हट्ट सुरू होतो. थांबा! खिशात हात घालण्याआधी कारण समजून घ्या.

हा सेन्सर १६ बिटांत मोजतो, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. त्या संख्येला १.२ ने भागले की ५४,६१२ येतात. दुपारचे ऊन मात्र एक लाख लक्सच्या आसपास असते. शेराच्या मापात पायली ओतली तर माप ओसंडणारच! तेव्हा हा अडकलेला आकडा वहीत खरा म्हणून लिहू नका. नाहीतर 'अकरा ते दोन ऊन सारखेच होते' असा चुकीचा निष्कर्ष निघेल आणि सारी मेहनत वाया जाईल.

उपाय दोन आहेत. पहिला, मोजण्याचा वेळ कमी करा. प्रोग्रॅममध्ये 'एमटी रजिस्टर'ची किंमत ६९ असते, ती ३१ करा. मर्यादा सुमारे १ लाख २१ हजार लक्सपर्यंत वाढते. मात्र उत्तराला ६९ भागिले ३१ ने गुणायला विसरू नका. काही लायब्ररी हा गुणाकार स्वतःच करतात, ते आधी पाहा.

दुसरा उपाय घरगुती. सेन्सरवर पांढरे, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे झाकण ठेवा. आधी सावलीत झाकणाशिवाय आणि मग झाकणासह मोजा. समजा, २०,००० आणि ५,००० आले, तर उन्हातील आकड्याला ४ ने गुणा.

आकडा मुळीच येत नसेल तर वायरींचे जोड तपासा. उगाच कमी-जास्त होत असेल तर सेन्सर तिरका आहे का, त्यावर हाताची सावली, धूळ किंवा दव आहे का, ते पाहा.

यंत्राने दाखवले म्हणून लगेच खरे मानू नये, आणि पटले नाही म्हणून लगेच फेकूनही देऊ नये. तपासावे, मग ठरवावे.