सायलेन्सरमधून वाया जाणारा गारवा

मे महिन्यात भर दुपारी भिलाईच्या नेहरू नगर चौकात घटकाभर उभे राहावे. जीई रोडवरून लोखंड लादलेले ट्रक धुरळा उडवीत जातात. बाहेर पारा ४४-४५ वर, आणि केबिनमध्ये इंजिनाची धग निराळीच. मेल मोटरवर किंवा ट्रॅक मशीनवर ज्यांनी उन्हाळे काढले, त्या आमच्या बांधवांना ती वेगळी सांगायला नको.

ही धग फुकटची नाही. जाळलेल्या डिझेलच्या रुपयातले जेमतेम पस्तीस-चाळीस पैसे कामी येतात. तीसेक पैसे सायलेन्सरमधून धुराबरोबर जातात, बाकीचे रेडिएटर खातो. भरल्या ओझ्याच्या इंजिनाचा धूर तीन-चारशे अंश तापलेला असतो. आणि केबिन गार करायचे तर त्याच इंजिनावर कॉम्प्रेसरचा पट्टा चढवून आणखी डिझेल जाळायचे!

उष्णतेवरच थंडी करण्याची युक्ती काही नवी नाही. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी १८५९ साली तसे यंत्र केले. पाण्यात विरघळलेला अमोनिया तापवून बाहेर काढायचा, निववून त्याचा द्रव करायचा. तो पुन्हा वायू होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि मग पाणी त्याला परत शोषते. कॉम्प्रेसर लागतच नाही. याच शोषण-तत्त्वावरची मोठी शीतयंत्रे आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातही झोतभट्टीचा वायू वाया न घालवता त्यावर वाफ आणि वीज करतात. तिथे वाया गेलेल्याचा हिशेब ठेवला जातो, म्हणून ते होते.

मग गाडीत का नाही? अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. यंत्र अवजड, रस्त्याचे धक्के, त्यात अमोनिया विषारी. केबिनजवळ तो नकोच. त्याऐवजी सिलिका जेल आणि पाणी वापरता येते, पण मग यंत्र आणखी मोठे होते. शिवाय गाडी सिग्नलला उभी राहिली की धूर निवतो, म्हणजे गारवा नेमका हवा तेव्हाच कमी.

पण ट्रॅक मशीनचे तसे नाही. तिला जागेची टंचाई नाही, आणि ब्लॉक मिळाला की इंजिन सलग ओझ्याखाली चालते. विजेच्या इंजिनांना धूरच नाही, तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा. प्रयोग करायचा तर लखनौच्या आरडीएसओने तो ट्रॅक मशीनवर करावा, असे आमचे मत आहे.

मात्र प्रयोगाच्या नावाखाली आज मिळायला हवे ते अडवून ठेवू नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगले झाले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचे काय? आणि नव्या गाडीतही डिझेलचे पैसे मालक मोजणार, तेव्हा ‘एसी बंद ठेव’ हा हुकूम यायला किती वेळ? फुकट जाणाऱ्या उष्णतेवर गारवा चालला तर या हुकुमाला कारणच उरत नाही. आम्हाला या यंत्रात रस आहे तो एवढ्यासाठी.

तोवर शाखांनी एक करावे. येत्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता केबिनमध्ये साधा थर्मामीटर लावून आकडा, तारीख आणि गाडी क्रमांक वहीत लिहावा. रेल्वेच्या शाखांनी ती वही पीएनएमच्या बैठकीत, टपालवाल्यांनी आपल्या विभागीय बैठकीत मांडावी.