धेंपोच्या आठवणींचं आपण काय करायचं?

गोव्यात फुटबॉलचा विषय निघाला आणि समोर चाळिशी ओलांडलेला माणूस असला, की पाच मिनिटांत गाडी धेंपोवर येते. "ती टीमच वेगळी होती!" हे वाक्य मी घरी, चर्चच्या फेस्ताला, बसमध्ये कितीदा ऐकलंय. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना त्याचा कंटाळा येतो. मला येत नाही. पण या आठवणी नुसत्या ऐकून सोडून द्यायच्या का, यावर मला बोलायचंय.

आधी हिशेब बघूया, म्हणजे ही फक्त म्हाताऱ्यांची बढाई नाही हे कळेल. धेंपो स्पोर्ट्स क्लबने 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत पाच वेळा देशाची लीग जिंकली. दोनदा नॅशनल फुटबॉल लीग, तीनदा आय-लीग. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. 2008 मध्ये हाच संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. आणि धेंपो एकटा नव्हता. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांचे विजेते पाहा: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा गोव्याचे! एवढ्याशा राज्याने कोलकात्याला सहा वर्षं रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मी जन्मले त्याच सुमाराला धेंपोने पहिली लीग जिंकली आणि शेवटची जिंकली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. म्हणजे माझ्याकडच्या आठवणी बहुतेक पप्पांच्या आहेत. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी ही नावं मी आधी ऐकली, खेळ नंतर व्हिडिओवर बघितला. ही नावं एका दमात म्हणून बघा. शेजारच्या वाड्यातली हजेरी घेतल्यासारखं वाटतं. रँटी मार्टिन्स नायजेरियाचा आणि बेटो ब्राझीलचा, पण तेही इथे वर्षानुवर्षं खेळले आणि लोकांनी त्यांना आपलंच मानलं. माझ्या मते त्या संघाचं बळ इथेच होतं. माणसं टिकली, प्रशिक्षक टिकला, म्हणून खेळ मुरला.

मग घसरण आली, तीही भराभर. 2013 मध्ये कुलासो क्लबमधून गेले. 2014 मध्ये आयएसएल सुरू झाली. 2014-15 च्या हंगामात धेंपो चक्क आय-लीगमधून खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्यांनी वरची जागा परत मिळवली. पण 2016 मध्ये, आय-लीगला खालच्या पायरीवर ढकलण्याच्या योजनेचा निषेध म्हणून, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

त्यांचा मुद्दा मला पटतो. मैदानावर जिंकून मिळणारी जागा पैसे भरून मिळणार असेल, तर खेळायचं कशाला? पण त्या निर्णयाची किंमत मोठ्या लोकांनी मोजली नाही. ती मोजली त्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या असलेल्या पोरांनी. ही पोरं गावच्या मैदानावरून क्लबच्या युवा संघात पोचली होती आणि वरची शिडीच काढून घेतली गेली. धेंपो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पण आय-लीगमध्ये परत यायला 2024-25 चा हंगाम उजाडावा लागला. खेळाडूच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे जवळजवळ सगळं करिअर.

यावर हमखास येणारं उत्तर असं, "अगं, एफसी गोवा आहे ना!" आहे, आणि मीही त्यांच्यासाठी फातोर्ड्याला जाऊन घसा बसवून घेतलाय. पण साधं गणित करा. एका संघात पंचवीस-तीस जण मावतात, त्यातले काही बाहेरचे. चार क्लब वरच्या पातळीवर असले, तर आपल्या मुलांसाठी जागा किती वाढतात! शिवाय 2025 मध्ये करारावरून आयएसएलच कशी अडकून पडली ते आपण पाहिलंच. एकाच दोरीवर सगळे कपडे वाळत घालू नयेत, हे आपल्याकडे कुणालाही कळतं.

आता थोडं आपल्याबद्दल. जुने लोक "तसे दिवस आता नाहीत" म्हणून घरी बसतात आणि आज खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची तुलना क्लिफर्डशी करतात. आपण मँचेस्टर युनायटेडचे जर्सी घालून रात्री एक वाजेपर्यंत जागतो, पण दुपारी जवळच्या मैदानावर प्रो लीगचा सामना आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. युनायटेडवर प्रेम करू नका असं मी म्हणत नाही. 2013 नंतर लीग न जिंकलेल्या संघाला एवढी माया देता येते, तर त्यातली थोडी इथेही द्या ना.

कारण इथे आशा धरायला जागा आहे. 2025 च्या सुपर कपमध्ये धेंपोने ईस्ट बंगालला 2-2 आणि मोहन बागानला 0-0 असं रोखलं. कुणी म्हणेल, दोन बरोबऱ्या, त्यात काय एवढं? चषक मिळाला नाही हे खरंच. पण ज्या संघाबद्दल आपण नेहमी भूतकाळातच बोलतो, तो संघ देशातल्या दोन बलाढ्य क्लबांसमोर उभा राहिला.

पाच विजेतेपदं परत येतील, अशी माझी अपेक्षा नाही. मला हवं ते एवढंच, की शिडी जागेवर राहावी आणि ती पोरं खेळताना बघायला स्टँडमध्ये माणसं असावीत. आपल्या मंडळालाही यात काम आहे. आपापल्या घरच्या, वाड्यावरच्या जुन्या प्रेक्षकांकडून त्या दिवसांच्या आठवणी लिहून घेऊया, पुढच्या अंकासाठी. आणि लिहून झाल्यावर त्याच माणसांना विचारूया, "अंकल, पुढच्या मॅचला येणार का? आम्ही चाललोय."