बाबासाहेबही मध्ये थांबले होते, पण परतीची तारीख ठरवून!

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बौद्धवाड्यांतून आता मुलं-मुली डेंटिस्ट होऊ लागली आहेत. त्यातली बरीचशी घरातली पहिलीच पदवीधर. चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करून बीडीएस हातात पडली, की प्रत्येकासमोर तोच प्रश्न उभा राहतो. एमडीएस लगेच करायची की आधी कमवायचं? घरचे म्हणतात, "पाच वर्षं झाली, आता हातभार लाव." कॉलेजातले मित्र म्हणतात, "आता थांबलास तर संपलास."

आमचं म्हणणं असं, की दोन्ही सल्ले अर्धेच आहेत.

'थांबलास तर संपलास' हे आधी तपासू. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी असून राहायला जागा मिळाली नाही, तो अपमान आपल्याला ठाऊक आहे. पण निघताना त्यांनी विद्यापीठाकडून परत येण्याची मुभा घेऊन ठेवली होती आणि तिला चार वर्षांची मुदत होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. ते थांबले होते, पण परतीची तारीख डोक्यात ठेवून. आपली मुलं थांबतात तेव्हा तारीखच ठरलेली नसते. खरा घात तिथे होतो.

एका क्लिनिकमध्ये सहाय्यक म्हणून लागायचं, मग भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, गावचं घर, गाडीचा हप्ता. तीन-चार वर्षांनी पुस्तक उघडलं तर पहिल्या वर्षाची शरीररचना आठवत नाही, आणि नीट-एमडीएस मात्र सगळ्या बीडीएसवर प्रश्न विचारते. एका वर्षाचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर 'एक वर्ष थांब' याचा अर्थ बहुतेक घरांत 'स्थळ बघतो' असाच निघतो. हे कडू आहे, पण आपल्याच घरातलं आहे.

दुसरा सल्ला 'लगेच कर, कुठेही कर' असा. तोही धोक्याचा. आपल्या जिल्ह्यात कामोठे-खारघरला दंत महाविद्यालये आहेत, ती खाजगी. सरकारी शिक्षणासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, किंवा महापालिकेचं नायर. सरकारी जागेत फी कमी आणि वर विद्यावेतन. खाजगीत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलात तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मागता येते, व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर तो दरवाजा बंद. गुण कमी पडले म्हणून जमीन गहाण टाकून व्यवस्थापन कोट्याची जागा घेऊ नका. ज्या खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे संप केला, जी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक मांडलं, तिच्यातून सुटलेली जमीन सावकाराच्या हाती द्यायची काय?

मग करायचं काय? आमची सूचना साधी आहे. इंटर्नशिपच्या वर्षातच परीक्षेची तयारी करा आणि पहिला प्रयत्न द्या. जात वैधता प्रमाणपत्र तेव्हाच हातात असू द्या, ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावपळ नको. सरकारी किंवा शिष्यवृत्तीची जागा आणि मनातली शाखा मिळाली, तर घरची अडचण असली तरी जा. नाही मिळाली तर दोन वर्षं काम करा, पण पगारातला ठराविक भाग बाजूला काढा, रोज दोन तास पुस्तक उघडा आणि परतीची तारीख आई-वडिलांसमोर बोलून ठेवा.

ही दोन वर्षं वाया जात नाहीत. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी आपल्या वस्त्यांतली तोंडं सडवली आहेत. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी बोटभरही तोंड न उघडणारी पोरं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना रोज तपासलंत तर मुखशल्यचिकित्सा घ्यायची की सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र, हे कुणाला विचारावं लागणार नाही. नुसतं 'पैसा कशात जास्त' म्हणून घेतलेली शाखा माणसाला पनवेलच्या पुढे येऊ देत नाही.

आणि शेवटी, हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. गावकीला आणि मुंबई मंडळाला आम्ही विचारतो, जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडतं, त्यातून एका मुलीची परीक्षा फी, पुस्तकं आणि मुंबईतल्या राहण्याचे काही महिने निघणार नाहीत काय? बाबासाहेबांच्या परतीला शाहू महाराज आणि एक मित्र उभे राहिले. आपल्या मुलीच्या मागे कोण उभं राहणार?

महाडचं पाणी याच जिल्ह्यातलं. २० मार्चला आपण तिथे जातो, ओंजळ भरतो. येताना वाडीतल्या त्या डॉक्टर पोरीला एवढंच विचारा, "बाळ, तुझी तारीख कोणती ठरली?"

जय भीम!