चैत्रातलं हळदीकुंकू : यादीपासून ओटीपर्यंत

पाडवा झाला, चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, की घरोघरी हळदीकुंकवाचे बेत सुरू होतात. गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, म्हणजे हाताशी चांगला महिना असतो. पण "करू पुढच्या शुक्रवारी" असं म्हणता म्हणता महिना सरत येतो आणि मग सगळीच घाई होते. डाळ वाटायची राहिलेली, बायका दारात, आणि आपल्या अंगावर अजून सकाळचीच साडी! मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. सकाळी सातला बाहेर पडते ती साडेबाराला घरी येते. त्यामुळे माझं हळदीकुंकू वेळापत्रकाशिवाय पार पडतच नाही. ते वेळापत्रक आज तुम्हाला सांगते. आणि वेळापत्रकात न बसणारी एक गोष्टही सांगायची आहे.

आधी यादी

आठ दिवस आधी वही घेऊन बसा. शेजारणी, नात्यातल्या, नोकरीतल्या, मुलांच्या मित्रमैत्रिणींच्या आया, असे चार गट करून नावं लिहा. "सगळ्यांनाच बोलावू" असं तोंडी ठरवलं, की हमखास कुणीतरी राहून जातं आणि तो रुसवा वर्षभर पुरतो. मोबाईलवर निरोप पाठवायला हरकत नाही, पण वयानं मोठ्या बायकांना दारात जाऊन सांगून यावं. दोन मिनिटं लागतात, पण त्यांना बरं वाटतं. ४५ जणींना बोलावलं तर ४० येतात, असा माझा अनुभव. वेळ "संध्याकाळी" अशी मोघम न सांगता "साडेपाच ते आठ" अशी सांगावी. म्हणजे नोकरीवाल्या उशिरा येतात, घरच्या लवकर येतात आणि बाहेरच्या खोलीत दाटी होत नाही.

चाळीसजणींचा बेत

आंब्याच्या डाळीसाठी १ किलो हरभऱ्याची डाळ, सुमारे अर्धा किलो कैरीचा कीस, एक नारळ, पंधरा-वीस हिरव्या मिरच्या. कैरी किती आंबट आहे ते आधी चाखून बघा आणि त्या अंदाजानं कीस घाला. डाळ भिजून दुप्पट होते, त्यामुळे प्रत्येकीला लहान वाटीभर सहज पुरते. पन्ह्याला १ किलो कैऱ्या आणि सव्वा किलोच्या आसपास गूळ. त्याचं सहा-सात लिटर पन्हं होतं. वेलदोडा आणि चिमूटभर मीठ विसरू नका. ओटीला दीड किलो हरभरे भिजवले, की मूठ-मूठ सगळ्यांना होतात. सोबत एकेक केळं किंवा काकडी. याहून महागाची देवाणघेवाण चैत्रात आणू नये. एकीनं डबे वाटले, की दुसरीला पातेली वाटावीशी वाटतात आणि तिसरी पुढच्या वर्षी हळदीकुंकूच करत नाही.

वेळेचं गणित

आदल्या दिवशी कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ मिसळून फ्रिजमध्ये ठेवावा. आयत्या वेळी फक्त पाणी घालायचं. रात्री हरभरे भिजत घालावेत, सकाळी निथळून ओल्या फडक्याखाली ठेवावेत. डाळ मात्र रात्री भिजवू नका. उन्हाळ्यात ती आंबते. मी सकाळी शाळेला निघताना भिजवते आणि आल्याबरोबर चाळणीत उपसते. अर्धा तास निथळली, की पाण्याचा थेंबही न घालता मिक्सरमधून जाडसर फिरवायची. पीठ झालं तर चव गेली म्हणून समजा. फोडणी गार करूनच वर घालावी. खोबरं चारनंतर मिसळा, म्हणजे डाळ आठपर्यंत चांगली राहते.

वाट्या आणि पेले कमी पडले, तर शेजारून आणावेत. आपल्या वाट्यांच्या तळाला नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. दुसऱ्या दिवशी कुणाच्या वाट्या कुणाकडे गेल्या, हा शोध वाचतो. पाचच्या आत आपण साडी बदलून तयार असायचं, मग उरलेलं काम राहिलं तरी चालेल.

झालं? नाही. आता ती दुसरी गोष्ट.

यादीतून गाळलेलं नाव

वर लिहिलेलं सगळं मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. डाळीचं प्रमाण त्यांचं, ठिपक्याची युक्तीही त्यांचीच. आम्ही सांगलीकर, आणि आमच्या गल्लीत आईंच्या हातचं चैत्रांगण बघायला बायका मुद्दाम लवकर येत. शंख, चक्र, गाईची पावलं, कासव, तुळस, मध्ये गौरीचा झोपाळा. हातात रांगोळी घेतली, की तासभर मान वर करायच्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. पहिल्या चैत्रात आम्ही काहीच केलं नाही. दुसऱ्या वर्षी आईच म्हणाल्या, "अगं, गौर बसवायला हवी, तू कर." त्या दिवशी डाळ त्यांनी वाटली, हरभरे त्यांनी निवडले, पन्ह्याची चव त्यांनीच बघितली. रांगोळी मात्र घातली नाही. पाच वाजले तशा आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर चाळीस बायका डाळीचं कौतुक करत होत्या आणि मी "हो, हो" म्हणत होते. साडेआठला मी वाटी घेऊन आत गेले. त्या अंधारातच बसल्या होत्या. "सगळ्याजणींना पुरली ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

रात्री माझ्या लेकीनं विचारलं, "आजीनं एवढी डाळ केली, मग ती बाहेर का नाही आली?" वर्गात पन्नास मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी, मला काही सांगता येईना. मग मी वही उघडली. माझ्याच हातची यादी. वरच्या मजल्यावरच्या मावशींचं नाव त्यात नव्हतं. शाळेतल्या ज्या बाई माझे तास अडीअडचणीला घेतात, त्यांचंही नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं मला ती नावं गाळायला. हात आपोआप पुढच्या नावाकडे गेला होता.

तुम्ही म्हणाल, हळदीकुंकू सवाष्णींचं, ही रीतच आहे. खरं आहे. पण रीत माणसंच बदलतात. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. एक खेडेगाव हे करतं, आणि आपण शहरातल्या शिकलेल्या बायका यादीतली चार नावं लिहायला बिचकतो!

गेल्या वर्षी

गेल्या वर्षी मी पंधरा दिवस आधीच आईंजवळ विषय काढला. त्या आधी रागावल्या. "लोक काय म्हणतील? आणि मला नको ते!" मी तिथंच थांबले. चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, "वरच्या मावशींनाही बोलावणार आहेस का?" हो म्हटलं. तशी म्हणाल्या, "मग त्यांच्याशेजारी बसेन. पण कुंकू नको लावूस मला. अत्तर लाव." यांना सांगितलं, तर म्हणाले, "आईला चालत असेल तर मला काय विचारतेस!"

रांगोळी लेकीनं घातली, आजी शेजारी पाट घेऊन बसली. कासवाचे पाय तीनदा पुसून झाले. संध्याकाळी आईंनी दाराशी उभं राहून येणारीला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. वरच्या मावशी इतकी वर्षं आमच्या डोक्यावर राहतात, पण चैत्रात पहिल्यांदाच आमच्या घरात बसल्या. डाळ दुसऱ्यांदा मागून घेतली.

सगळं गोड गोड झालं, असं मात्र नाही. समोरच्या काकूंनी आईंच्या हातचं अत्तर घेतलं नाही. माझ्याकडून कुंकू लावून घेतलं आणि डाळ न खाताच गेल्या. आईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता त्या पुन्हा आत जातील. पण त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि पुढच्या बाईंपुढे अत्तरदाणी धरली. काकू आजही आमच्याकडे येतात. त्या विषयावर आम्ही दोघीही बोलत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर

माझ्या चुकांवरून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

चारचौघींत एकदम हात धरून बाहेर आणू नका. आधी एकटीला विचारा, आणि "नको" म्हणाली तर तो तिचा मान समजा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

एकटीलाच बोलावू नका, दोघी-तिघींना बोलावा. एकटीकडे सगळ्यांचे डोळे जातात.

कुंकू, फूल, अत्तर, तिन्ही तबकात असू द्या. "काय लावू?" असं प्रत्येकीला विचारा, सवाष्णींनासुद्धा. म्हणजे विचारणं ही साधी गोष्ट होते. ओटी म्हणायला जड वाटलं, तर हरभरे आणि फळ हातात द्या.

आणि भाषण करू नका! मी यंदा दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. आई म्हणाल्या, "अगं, आधी पन्हं दे सगळ्यांना, गरम होतंय."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा वही उघडाल तेव्हा नावं लिहून झाल्यावर एकदा पहिल्यापासून वाचा. कुणाचं राहिलंय का ते बघा. नावं वाढली, तर चारजणींमागे डाळ शंभर ग्रॅम जास्त भिजवा. आणि ती सकाळीच भिजवा बरं का, रात्री नको.